जावेला सुवार्ता सांगून दीड वर्ष झालं, तिचा विश्वास बसत नाही. माझंच काही कमी पडतंय का?

पत्र: माझं सासर तासगाव तालुक्यात, घर द्राक्षबागायतदारांचं. मिरजेत नोकरीला असताना मी येशूवर विश्वास ठेवला, त्याला तीन वर्षं झाली. नवरा अडवत नाही, पण उपासनेला सोबत येत नाही. सासूबाई माळकरी. माझं खरं जमतं ते थोरल्या जावेशी. दीड वर्ष तिला सांगतेय. ती ऐकून घेते, ‘चांगलं आहे गं’ म्हणते आणि उठून कामाला लागते. तिच्या आठ वर्षांच्या मुलाला फिट येतात, गोळ्या चालू आहेत. आमच्या प्रार्थना गटातले एकजण म्हणाले, ‘तुझाच विश्वास कमी, म्हणून तिचं मन वळत नाही. पोराच्या गोळ्या बंद करा आणि विश्वासानं प्रार्थना करा.’ मागच्या महिन्यात मी जावेच्या पिशवीत तिला न सांगता येशूबद्दलच्या दोन छापील पत्रिका ठेवल्या. त्या भाऊजींच्या हाती लागल्या आणि घरात मोठं भांडण झालं. आता सकाळी प्रार्थनेला बसलं की मलाच कोरडं वाटतं. विश्वास देवाचं दान असेल तर तो जावेला का देत नाही? आणि देणारा तोच असेल तर मी बोलायचं कशाला? बोलायचंच तर नेमकं काय?
– एक सून, तासगाव तालुका

ताई,

आधी गोळ्यांचं. बाकी सगळ्याला वेळ आहे, याला नाही. फिटच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नसतात, एक दिवससुद्धा नाही. अचानक थांबवल्या तर फिट एकामागून एक, मध्ये शुद्ध न येता येऊ शकतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. गोळ्या कमी करायच्या की नाही, हे डॉक्टर ठरवतात, तेही हळूहळू, डोस उतरवत. जावेला हे तुम्ही स्वतः, स्पष्ट शब्दांत सांगा, कारण हा सल्ला तुमच्या गटातून आला आहे. घरात फिट आली तर पोराला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, गळ्यापाशी बटण असेल तर सैल करा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी फिट आली, तर १०८ ला फोन.

कोणी म्हणेल, शुभवर्तमानात अशा मुलाला भूत लागलं होतं. मत्तयाच्या चौथ्या अध्यायातलं २४ वं वचन उघडून दाखवा. येशूकडे आणलेल्या लोकांच्या यादीत भूतग्रस्त वेगळे सांगितले आहेत आणि फेफरेकरी, म्हणजे फिट येणारे, वेगळे. दोन्ही एकच, असं शास्त्र म्हणत नाही. प्रेषित पौलाच्या सोबत्यांतला लूक वैद्य होता आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. तुमच्या मिरजेतच डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशनचं रुग्णालय १८९४ साली उभं राहिलं. ज्यांनी या भागात सुवार्ता आणली, त्यांनी रुग्णापुढे औषध आणि प्रार्थना यांतलं एक निवड असा पेच कधी टाकला नाही.

आता ‘तुझाच विश्वास कमी’ या वाक्याकडे. हे वाक्य तुम्हाला जिव्हारी लागलं आहे, हे पत्रात ओळीओळीला दिसतं. ते चुकीचं आहे, आणि कुठे चुकतं ते मार्कच्या नवव्या अध्यायात दिसतं. फिट येणाऱ्या मुलाचा बाप येशूपुढे उभा आहे. शिष्यांच्या हातून काही झालेलं नाही. बाप ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, आणि त्याच श्वासात म्हणतो, माझा अविश्वास घालवून टाका. येशू त्याला ‘आधी विश्वास पुरा कर, मग ये’ म्हणून परत पाठवत नाही. पोराला हात धरून उठवतो. अर्ध्यामुर्ध्या विश्वासानं आलेल्या बापाच्या पदरात त्यानं पोरगा घातला, तर तुमच्या विश्वासाचं वजन करून तो तुमच्या जावेचा हिशोब कसा लावेल?

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की कृपेनं, विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालं, आणि हे तुमच्या हातून झालं नाही, हे देवाचं दान आहे. मूळ ग्रीकमध्ये कृपा आणि विश्वास हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत आणि ‘हे’ नपुंसकलिंगी. पौल एखाद्या शब्दावर बोट ठेवत नाही, सगळ्या देण्यावरच ठेवतो. कृपा त्याची, तारण त्याचं, आणि ते धरायला पुढे झालेला हातसुद्धा त्यानंच पुढे करवलेला. फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात, २९ व्या वचनात, तो उघडच सांगतो की ख्रिस्तावर विश्वास ठेवणं हे तुम्हाला देण्यात आलं आहे. मग तुमच्या विश्वासाच्या जोरावर जावेच्या मनात विश्वास उपजेल, हे गणितच मोडतं. तसं झालं असतं, तर दान देणारा देव नसता, तुम्ही असता.

मग बोलायचं कशाला? कारण विश्वास ऐकण्यानं होतो, हेही तोच पौल रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात सांगतो. दान देवाचं, पण तो ते वार्तेच्या वाटेनं देतो. फिलिप्पैत नदीकाठी पौल बायकांशी बोलत बसला होता. त्यांत जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी लुदिया होती. प्रभूनं तिचं अंतःकरण उघडलं, असं प्रेषितांची कृत्ये १६ व्या अध्यायात लिहिलं आहे. बोलला पौल, उघडलं प्रभूनं. पौल घरी बसला असता तर लुदियाच्या कानावर काय पडलं असतं?

तुमच्या घरी बाग आहे, म्हणून एक गोष्ट तुम्हाला लगेच कळेल. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. पुढे साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान काडीवरच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. त्या दिवसांत ‘माल दिसत नाही’ म्हणून कुणी पाणी आणि नत्र वाढवत नेलं, तर काडी नुसती माजते आणि घडाच्या जागी बाळी निघते. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर डोळा फुटतो, तेव्हा कळतं आत काय झालं होतं. भाऊजी छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून घेत असतील. माणसाच्या मनाची अशी काडीतपासणी नसते. जाऊ ‘चांगलं आहे गं’ म्हणून उठते, त्यामागे काय चाललंय हे तुम्हाला दिसणार नाही, आणि दिसत नाही म्हणून डोस वाढवायचा नाही. मार्कच्या चौथ्या अध्यायातला बी टाकणारा माणूस रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही. हा दृष्टांत चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कमध्ये आहे. थकलेल्या माणसानं तो जरूर वाचावा.

‘तिला का देत नाही’ याचं उत्तर शास्त्रात तुमच्या जावेचं नाव घालून दिलेलं नाही. पण ‘अजून दिलं नाही’ आणि ‘देणार नाही’ यांत फार अंतर आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत एका परदेशी प्रवाशानं कवी नारायण वामन टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि तो आपल्या वाटेनं गेला.  टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ ला झाला. गाडीतल्या त्या माणसानं स्वतःच्या विश्वासाचं माप आपल्या यशावरून काढलं असतं, तर त्याच्या हिशोबात एक पुस्तक वाया गेलेलं असतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर आधी टिळकांपासून दूर राहणं पत्करलं. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. नवरा कवी, वक्ता, पंडित, तरी त्यांचं मन त्याच्या बोलण्यानं ठरलेल्या वेळी वळलं नाही. हेच टिळक पुढे १९१७ मध्ये साताऱ्याला आले आणि तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. सासूबाईंच्या माळेबद्दल तुमच्या तोंडून कधी वाकडा शब्द निघणार असेल, तर आधी हे आठवा.

पत्रिकांचं मात्र चुकलं, ताई. पत्रिका वाईट नव्हत्या, लपवून ठेवणं वाईट होतं. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की आम्ही लाजिरवाण्या गुप्त गोष्टी सोडल्या आहेत, कपटानं वागत नाही, सत्य उघड मांडतो. पिशवीतून अचानक निघालेला कागद घरच्यांना सुवार्ता वाटत नाही, डाव वाटतो, आणि मग पुढचं तुमचं प्रत्येक वाक्य त्या डावाचा भाग वाटू लागतं. म्हणून भाऊजींकडे जा. नवऱ्याला आधी कल्पना द्या, त्यांना सोबत घ्या, आणि एवढंच म्हणा: ‘भाऊजी, अक्कांच्या पिशवीत मी न विचारता कागद ठेवले, ते चुकलं. पुन्हा असं करणार नाही. माझा विश्वास काय आहे ते मी लपवत नाही. तुम्ही विचारलंत तर सांगेन, नाही विचारलंत तर लादणार नाही.’ ‘पण’ लावून पुढे काही जोडू नका. माफी मागता मागता साक्ष द्यायला गेलात की माफीही जाते आणि साक्षही.

आता नेमकं काय बोलायचं. दीड वर्ष तुम्ही काय सांगितलंत, ते पत्रात नाही. पण पुष्कळांचं असं होतं की ते आपली मंडळी, म्हणजे आपलं चर्च, किती प्रेमळ आहे हे सांगतात, आपल्याला कशी शांती मिळाली हे सांगतात, आणि सुवार्ता राहूनच जाते. सुवार्ता म्हणजे घडलेल्या गोष्टीची बातमी. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायाच्या सुरुवातीला ती दोन वचनांत आहे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, त्याला पुरलं, तिसऱ्या दिवशी तो उठला. हे गाळून जे सांगाल ते चांगलं असेल, सुवार्ता नसेल.

शब्द मात्र जपून. मंडळीत रुळलेले शब्द बाहेर वेगळे ऐकू येतात. ‘तारण’ म्हटलं की तासगावच्या बाजारपेठेतल्या माणसाला सोनेतारण कर्जाची पाटी आठवते. ‘सोडवणं’, ‘वाचवणं’ म्हणा. ‘नवा जन्म’ म्हटलं की पुनर्जन्म समजला जातो, म्हणून ‘याच जन्मात देव माणसाला आतून नवं करतो’ असं उलगडून सांगा. ‘तू पापी आहेस’ हे तर थोबाडीत मारल्यासारखं लागतं, कारण पापी म्हणजे चोर किंवा बदफैली असाच अर्थ घेतला जातो. ‘देवानं आपल्याला जसं घडवलं तसं आपण कुणीच जगत नाही, मीसुद्धा’ असं म्हणा, स्वतःपासून सुरुवात करून. आणि ‘दान’. दान म्हटलं की देणाऱ्याला पुण्य आणि घेणाऱ्याला कमीपणा, असा आपल्याकडचा अर्थ.

त्यापेक्षा आहेराची वही काढा. लग्नानंतर घरातली एखादी जाणती बाई ती घेऊन बसते. कुणी साडी दिली, कुणी पाचशे एक, कुणी स्टीलचा डबा, सगळं नावानिशी लिहिलेलं. त्यांच्या घरी कार्य निघालं की वही उघडायची, आणि आलेल्याहून थोडं वरचढच द्यायचं. नवससुद्धा असाच फेडायचा असतो. जावेला सांगा: ‘अक्का, देवानं येशूच्या रूपानं जे दिलं ना, ते त्यानं वहीत लिहिलेलं नाही. परतीचा आहेर करायचा नाही. माझ्याकडे फेडायला काही नव्हतंच. माझं देणं त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं, त्यासाठी क्रुसावर जीव दिला, आणि तिसऱ्या दिवशी तो जिवंत उठला. माझा त्याच्यावर भरवसा आहे, तो एवढ्यासाठी.’ सांगायला मिनिटभर पुरतं. इथे थांबा. लगेच ‘मग तुला काय वाटतं?’ विचारू नका. ती भाकरी थापत असेल तर थापू दे.

पुढचं पाऊल तिच्या मर्जीनं. एकदाच विचारा: ‘मार्क नावाचं छोटं पुस्तक आहे, सोळाच अध्याय. दुपारी आपण दोघी मिळून एकेक वाचूया का?’ नाही म्हणाली तर विषय बंद, मैत्री चालू. हो म्हणाली तर भाऊजींना माहीत असू द्या, दार उघडं असू द्या. एका बैठकीला एकच अध्याय, अर्ध्या तासाच्या वर नाही. वाचायचं तिनं. तुम्ही शिकवायचं नाही, विचारायचं: येशू यात कसा माणूस दिसला? काय पटलं नाही? त्याला विचारायचं झालं तर काय विचारशील? पाचव्या अध्यायात बारा वर्षं दुखण्यानं आणि औषधपाण्याच्या खर्चानं पिचलेली बाई येते. नवव्यात फिट येणारा मुलगा येतो, तिथे तुमच्या जावेला तुमची गरज लागणार नाही. फक्त एवढी काळजी घ्या की तो अध्याय म्हणजे ‘विश्वास ठेवला की पोरगं बरं होईल’ असा वायदा होऊ नये. पोरासाठी मनापासून प्रार्थना करा, तिच्यासमोर करा, तिनं हो म्हटल्यावर. वायदा करू नका. दुखणं, फी, नोकरी, पैसा यांतल्या कशाचीही लालूच दाखवली की दान उरत नाही, सौदा होतो, आणि कायद्यानंही ते अंगाशी येतं. राज्यघटनेचा अनुच्छेद २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. पुढे कधी बाप्तिस्म्याचा विषय निघाला तर चर्चच्या पाळकांसोबत वकिलालाही आधी विचारा, राज्यातले नियम बदलतात.

नवऱ्याशी वागण्याबद्दल पेत्रानं पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बायकांना सांगितलं आहे की न बोलता, वागण्यानं त्यांना जिंकावं. उपासनेला जायचं शनिवारी रात्रीच सांगा, परतायची वेळ सांगा आणि ती पाळा. बागेत मजूर असतील त्या रविवारी स्वयंपाक उरकून जा. अर्पण नवऱ्याच्या नकळत देऊ नका.

तुमच्या कोरडेपणाला आम्ही फार भीत नाही. विश्वास म्हणजे मनाचा ओलावा नव्हे. तो रिकामा हात आहे, आणि हाताला काही वाटत नसलं तरी त्यात ठेवलेलं दान असतंच. ८८ वं स्तोत्र अंधारावरच संपतं, शेवटी एक आशेची ओळसुद्धा नाही, तरी ते देवाशीच बोललेलं आहे आणि शास्त्रात आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा. ख्रिस्ताचा धर्म आपण घेतला, पण स्वतः ख्रिस्त आपल्याला बऱ्याच वर्षांनी सापडला, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. तुम्ही सध्या पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. एक स्तोत्र मोठ्यानं वाचा, त्यातलंच एक वाक्य प्रार्थना म्हणून परत म्हणा, उठा. ‘आज काही वाटलं का’ हे तपासत बसू नका. रविवारी प्रभुभोजन चुकवू नका. तिथे भाकर हातात ठेवतात, ती कमवावी लागत नाही. आणि भांडणानंतर झोप नीट होत नसेल तर आधी झोपा, थकलेल्या एलिया संदेष्ट्याला देवानं आधी झोपू दिलं आणि खाऊ घातलं, बोलला नंतर.

प्रार्थना गटाचं एक राहिलं. जावेचं नाव, पोराचं दुखणं, घरातलं भांडण हे तिथे सगळ्यांपुढे मांडू नका. गावात गोष्ट फिरून तिच्याच कानावर येते, आणि मग ती तुमच्यापाशी मन मोकळं करणार नाही. तिच्यासाठी घरी प्रार्थना करा. गोळ्यांचा सल्ला देणाऱ्या भावांशी एकट्यानं वाद घालू नका, पाळकांना सांगा. तोच सल्ला ते आणखी एखाद्या आईलाही देत असतील, म्हणून याच आठवड्यात सांगा.